बाबांच्या जावाला ग्राइंडर लावू का?

नमस्कार. मी २६ वर्षांची आहे. बाबा जाऊन दीड वर्ष झालं. त्यांची जावा २५० मोटरसायकल, ३५३ मॉडेल, १९६० सालची, गेली नऊ वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. रंग मूळचाच लाल, जागोजागी फिका पडलेला. टाकीच्या क्रोमवर गंजाचे ठिपके, डावा सायलेन्सर तळाशी कुजलेला. इंजिन हाताने फिरतं, चालू मात्र केलेलं नाही. मला ही गाडी चालवायची आहे. माझ्या डोक्यात कॅफे रेसर आहे: खाली वाकलेलं हँडल, पाय मागे, एकाच माणसाची सीट, मागचं मडगार्ड काढून चासीचा शेपटा कापलेला, सगळी काळी. गॅरेजवाल्यांनी चित्रही काढून दिलंय. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, हे ऐकून दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘एक स्क्रू जरी बदललास तरी ती दादाची गाडी राहणार नाही.’ मला ते पटत नाही. पण गाडी कापायला द्यायच्या आदल्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून गॅरेजवाल्यांना थांबायला सांगून तुम्हाला लिहितेय. काय करू?

*

वयाने लहान आहेस म्हणून ‘तू’ म्हणतो. गॅरेजवाल्यांना थांबवलंस ते फार बरं केलंस. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहायला नको. ग्राइंडर लावू नकोस. आणि काकांचं ‘एक स्क्रू’वालं म्हणणंही मला मान्य नाही. गाडी चालव, आणि चालवण्यासाठी जे बदलावं लागेल ते बदल. माझी रेघ एवढीच आहे की पान्याने काढलेलं पान्याने परत लावता येतं. कापलेलं, वेल्डिंग केलेलं, घासून काढलेलं परत आणता येत नाही.

ही रेघ मला उशिरा सापडली. माझ्याकडेही वडिलांची जावाच होती. ती हातात आल्यावर पहिल्याच महिन्यात मी ती रंगाला टाकली. ‘नवी करून द्या’ एवढंच सांगितलं. त्यांनी काम चोख केलं. सँडब्लास्टिंग, पावडर कोटिंग, टाकी आरशासारखी. घरी आणली आणि उजव्या बाजूला बघतो तर वडिलांच्या पिशवीचं बकल टाकीवर घासून जो वाटाण्याएवढा डाग पडला होता, तो नव्हता. लाल रंगाखालचा प्रायमर आणि मधोमध चमकणारा पत्रा असा तो डाग. लहानपणी वडिलांच्या पुढ्यात टाकीवर बसून मी तो बोटाने चाचपायचो. लाल रंग आणि क्रोम यांच्यामधली सोनेरी रेघ हाताने ओढलेली होती, आणि ब्रश जिथे सुरू झाला तिथेच परत येऊन टेकला होता, त्या जागी ती केसभर जाड होती. नवी रेघ सगळीकडे सारखी होती. ती बघताना मला काय झालं ते सांगता येत नाही. त्यात भर म्हणजे पावडर कोटिंगचा थर चासी नंबरच्या खोबणीत बसला. तो नंबर परत वाचता येण्यासाठी मला जे उपद्व्याप करावे लागले ते कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत.

तुझ्या गाडीवर मूळ रंग अजून आहे. फिका आहे, ओरखडे आहेत, पण आहे. कारखान्यातून आलेला रंग एकदा खरवडला की जगातला कुठलाही पेंटर तो परत देऊ शकत नाही. छान रंग देईल, पण तो दुसरा असेल. त्यामुळे ‘सगळी काळी’ हे तुझ्या यादीतून मी सगळ्यात आधी खोडतो.

आता कॅफे रेसरचं. मला कॅफे रेसर आवडतात, अगदी मनापासून आवडतात. पण तुझं चित्र या गाडीवर बसत नाही, आणि याचं कारण भावनेत नाही, यंत्रात आहे.

गाडीच्या डाव्या बाजूला वाक. गियरचा दांडा बघ. जावाला किकचा वेगळा दांडा नाही. हाच दांडा इंजिनाच्या बाजूला आत दाबायचा, वर फिरवायचा, की तो किक होतो. गाडी चालू झाली की परत खाली आणायचा, की तो गियर. इतकंच नाही, पायाने गियर टाकताना हा दांडा आतून क्लचही सोडवतो. डाव्या हाताने क्लच दाबला नाही तरी गियर पडतो, तो त्यामुळेच. एका दांड्यात तीन कामं. कॅफे रेसरसाठी पाय मागे न्यायचे म्हणजे पाय ठेवायचे पायटे मागे, आणि मग या दांड्यापर्यंत पाय पोचत नाही. गॅरेजवाले म्हणतील, मधे एक जोडदांडी टाकू. टाकता येईल. पण जोडदांडी लावलेला दांडा आत दाबून वर फिरवणार कसा? किक गेली. आणि पायाच्या दाबाने क्लच नेमका सुटावा म्हणून जे माप बसवलेलं आहे, तेही बिघडलं. बाबा तुला शाळेत सोडत असतील तर हा दांडा फिरवतानाचा त्यांच्या घोट्याचा हिसका तुला आठवत असेल. त्या चित्रात तो हिसकाच उरत नाही.

दुसरं, श्वास. ही टू-स्ट्रोक गाडी आहे. या इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टनच वर-खाली जाताना सिलिंडरच्या भिंतीतली छिद्रं उघडतो आणि झाकतो. काही क्षण असे येतात की जळलेला धूर बाहेर निघायला आणि ताजं मिश्रण आत यायला दोन्ही वाटा एकदमच उघड्या असतात. ताजं मिश्रण धुरामागोमाग बाहेर पळून जाऊ नये, यात सायलेन्सरचा मोठा वाटा असतो. नळीतून उलट येणारा दाब त्याला परत ढकलतो. फोर-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर आखूड केला तर निदान गाडी धावते तरी. इथे तुझ्या एका सिलिंडरला जे दोन लांब सायलेन्सर आहेत ते इंजिनाचेच अवयव समज. ते काढून आखूड नळ्या लावल्यास तर आवाज वाढेल आणि जोर जाईल.

याहून वाईट गोष्ट हवेच्या फिल्टरची आहे. कॅफे रेसरच्या बहुतेक चित्रांत कार्बोरेटरला उघडा शंकूसारखा फिल्टर असतो. तुझ्या गाडीचा कार्बोरेटर झाकणाआड आहे आणि त्याचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोंडं, त्याच बंदिस्त हवेच्या हिशेबाने बसवलेले आहेत. उघडा फिल्टर लावला की हवा जास्त जाते, पेट्रोल तेवढंच राहतं. इंजिन तापतं. आणि या गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळून जातं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं. जास्त ताप आणि कमी तेल हे दोन्ही एकाच वेळी पिस्टनवर येतं. मग एखाद्या दिवशी भर वेगात इंजिन सीझ होतं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो, आणि मागचं चाक लॉक होतं. जेट बदलून हे सांभाळता येतं, पण ते काम चित्र काढून होत नाही. एकेका जेटने, प्लग काढून बघत, हळूहळू करावं लागतं. तुझ्या गॅरेजवाल्यांनी जेटचा विषय काढला होता का? काढला नसेल तर त्यांनी रूपाचा विचार केलाय, चालण्याचा नाही.

चासीचा शेपटा तर कापूच नकोस. तुझ्यासारख्या स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा वर-खाली हलतो अशा गाडीत मागच्या शॉकअपचा वरचा बोल्ट त्याच मागच्या भागावर असतो, म्हणजे खड्ड्यातला प्रत्येक धक्का तिथे पोचतो. सीट, मडगार्ड, मागे बसलेलं माणूस, सगळं धरण्यासाठी तो भाग बेतलेला आहे. तो कुठे तोडला, परत कसा जोडला, वेल्डिंग किती खोल गेलं, हे रंग चढल्यावर दिसतही नाही.

हे सगळं वाचून तुला वाटेल की मी काकांच्या बाजूचा आहे. तसं नाही. बदललेल्या गाड्यांनाही स्वतःचा मोठा इतिहास आहे, आणि तो मला तितकाच प्रिय आहे. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारींसाठी लोक नॉर्टन मँक्स मोटरसायकल विकत घ्यायचे, कारण नॉर्टन नुसतं इंजिन सुटं विकत नसे. इंजिन मोटारीत जायचं आणि मागे उरायची नॉर्टनची ती सुरेख ‘फेदरबेड’ चासी. त्या उरलेल्या चासीत लोकांनी ट्रायंफचं इंजिन बसवलं. ट्रायंफ अधिक नॉर्टन म्हणून तिचं नाव पडलं ट्रायटन. कॅफे रेसर म्हटलं की आज डोळ्यांपुढे जी गाडी येते ती मुख्यतः हीच. बघ, इथे कुणी धडधाकट गाडी कापली नव्हती. अनाथ चासीला इंजिन मिळालं होतं. त्या काळात बांधलेली अस्सल ट्रायटन आज कुणाला मिळाली, तर तिचे दोन तुकडे करून नॉर्टन नॉर्टनला आणि ट्रायंफ ट्रायंफला परत द्यायचा विचार तो करणार नाही. ती आता स्वतःच एक मूळ गाडी झाली आहे.

आणि ‘मूळ’ हा शब्द तरी किती सोवळा? जावा हे नावच दोन नावांचं कडबोळं आहे. १९२९ साली चेकोस्लोव्हाकियातल्या जानेचेक या कारखानदारांनी जर्मनीच्या वांडरर कंपनीचा मोटरसायकलचा आराखडा घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ केलं. पहिली जावा दुसऱ्याच्याच आराखड्यावर उभी होती. हे काकांना सांगून बघ, त्यांना गंमत वाटेल.

काकांना आणखी एक गोष्ट सांग. जुन्या वाहनांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फिवा. ती १९६६ पासून आहे. तिच्या व्याख्येत किमान तीस वर्षांची, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य अवस्थेत जपलेली गाडी बसते. तिने २०१२ साली जुन्या गाड्या कशा जपाव्यात याची ट्युरिन सनद स्वीकारली. जगातले सगळ्यात कर्मठ जुने गाडीवाले ज्या कागदाला मानतात तो हा कागद. त्यातही गाडी कुलपात घाला असं म्हटलेलं नाही. गाडी वापरात राहणं हा जपण्याचाच भाग मानलाय. सुरक्षेसाठी काही बदलावं लागलं तर ते कमीत कमी असावं, शक्यतो परत काढता यावं आणि काढलेले महत्त्वाचे भाग गाडीसोबत जपून ठेवावेत, असं त्यात आहे. म्हणजे ‘एक स्क्रू’ची अट त्यांचीही नाही.

खरं सांगू? काका स्क्रूबद्दल बोलत नाहीयेत. भाऊ गेला, आणि भावाची आता हात लावण्याजोगी हीच एक वस्तू उरली आहे. तुझं चित्र बघून त्यांना ती वस्तू दुसऱ्यांदा जाताना दिसली. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना काम दे. गाडी उघडायच्या आधी चारी बाजूंनी, जवळून, फोटो काढून ठेवायचे असतात: कुठली वायर कुठून जाते, कुठल्या बोल्टला कुठला वॉशर. निघालेली प्रत्येक वस्तू पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी लावायची असते. हे काम त्यांच्याकडे सोपव. कुठला ओरखडा कशाचा, हेही त्यांनाच विचार आणि लिहून ठेव. तुझ्या बाबांनी ही गाडी कुठे पाडली होती हे या घरात आता फक्त त्यांनाच ठाऊक असेल.

आता कामाचं. रूपाचा विचार सहा महिने बाजूला ठेव आणि गाडी आधी चालू कर. पहिल्यांदा चासीवरचा आणि इंजिनावरचा नंबर ओल्या फडक्याने पुसून कागदांशी ताडून बघ. तिथे घासकागद लावू नकोस. नऊ वर्षं उभ्या असलेल्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची दोन्ही ऑइल सीलं, म्हणजे क्रँकच्या दोन टोकांना हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, कडक झालेली असतात. गाडी तरीही चालू होईल, आणि तिथेच फसगत होते. त्या सीलांतून हवा ओढली जाते आणि वर सांगितलेलं सीझ होण्याचं दुखणं उघडा फिल्टर न लावताही तुझ्या दाराशी येतं. सीलं बदलल्याशिवाय लांब जाऊ नकोस. टाकीत आतून गंज असणार. तो काढायला आम्ल वापरणार असतील तर बाहेरून टाकी पूर्ण गुंडाळून घ्यायला लाव. एक ओघळ बाहेर आला तर तेवढ्या पट्ट्याचा मूळ रंग कायमचा गेला.

टायर बदल, यात काकांचंही ऐकू नकोस. टायरच्या बाजूवर तारखेचे चार आकडे असतात. २३११ म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, नक्षी कितीही खोल दिसली तरी तो फेकायचा. ब्रेकच्या शूजना नवीन लायनिंग लावून ते ड्रमच्या गोलाईला जुळवून घे. दिव्याचंही बदलून टाक. सहा व्होल्टचा तो पिवळट उजेड रात्रीच्या रस्त्याला पुरत नाही. डायनॅमोच्या जागी बोल्टवर बसणारा बारा व्होल्टचा संच मिळतो. त्यासोबत बल्ब आणि हॉर्नही बारा व्होल्टचे लागतील. काहीही कापावं लागणार नाही असाच संच निवड, आणि जुना डायनॅमो तेल लावून, कापडात गुंडाळून, काकांच्या पेटीत. कुजलेल्या सायलेन्सरच्या जागी त्याच मापाचा नवा लाव, जुना तोही पेटीत. सीट तुला बोचत असेल तर दुसरी सीट करून घे, पण त्याच बोल्टांवर बसणारी. हँडल थोडं सपाट हवं असेल तर तेही बघता येईल, फक्त पूर्ण वळवल्यावर ते किंवा तुझी बोटं टाकीला लागत नाहीत ना, ते उभ्या गाडीवर आधी पाहून घे.

क्रोमवरच्या ठिपक्यांसाठी एक सोपा उपाय देतो. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करायचा, साध्या पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा. काळपट लगदा निघतो, तो पुसला की खाली क्रोम दिसतं. जिथे क्रोमच उडालंय तिथे खड्डे राहतील, ते राहू देत, वर मेण लाव. लाल रंगावर मात्र हा बोळा चुकूनही नको. रंगाला सौम्य साबण, मऊ फडकं आणि हाताने लावलेलं पॉलिश, एवढंच. बफिंगचं मशीन म्हाताऱ्या रंगाचा थर कोपऱ्यांवर क्षणात खाऊन टाकतं.

आणि कॅफे रेसरचं स्वप्न? ते सोडू नकोस. वर्षभर ही गाडी चालव. त्यानंतरही ती इच्छा तशीच राहिली तर अर्धवट गाडी शोध: इंजिन एकाचं, चासी दुसऱ्याची, मडगार्ड कधीच गेलेलं, रंग चारदा मारलेला. कागद मात्र सरळ असायला हवेत. शक्यतो फोर-स्ट्रोक घे आणि किकचा दांडा वेगळा असलेली घे, म्हणजे पायटे मागे नेताना वर सांगितलेलं झंगट येणार नाही. तिच्यावर तुझ्या गॅरेजवाल्यांचं चित्र उतरव, हवी तितकी काळी कर. तिला तू बिघडवत नसशील, उभी करत असशील. तेव्हा मला चित्र पाठव, मी आनंदाने बघेन.

सध्या मात्र सीलं बदलून झाली, गाडी चालू झाली, की पंधरा-वीस मिनिटं बेताने चालवून आण, थंड होऊ दे आणि प्लग काढून बघ. टोक चॉकलेटी असेल तर कार्बोरेटरला कुणालाही हात लावू देऊ नकोस. पांढरं असेल तर गाडी तिथेच उभी कर आणि मला कळव, हवा कुठून शिरतेय ते शोधावं लागेल.